नाचवणे आणि नाचणे

जगातल्या मोठ्या शहरांतील कलागृहांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रात्रीच्या नाचाला आपले दार उघडले आहे. ज्या दालनात दिवसा लोक हलक्या पावलांनी चित्रे पाहत फिरतात, त्याच दालनात किंवा त्याच्या अंगणात रात्री डीजे उभा राहतो, एका तबकडीत दुसरी मिसळत जातो आणि शेकडो माणसे नाचतात. न्यूयॉर्कमधील पी. एस. वन हे कलाकेंद्र १९७६ साली एका ओस पडलेल्या शाळेच्या इमारतीत सुरू झाले. तेथील अंगणात १९९८ पासून उन्हाळ्यात 'वॉर्म अप' नावाचे नाचाचे कार्यक्रम भरू लागले. त्याच वर्षी ब्रुकलिन संग्रहालयाने महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्रीपर्यंत दारे उघडी ठेवून शेवटी नाच ठेवण्याचा परिपाठ सुरू केला. जर्मनीत २०१६ साली एका न्यायालयाने बर्लिनच्या बर्गहाइन या क्लबातील डीजेच्या रात्री संगीताच्या मैफलीच्या बरोबरीच्या मानल्या आणि त्यांना कमी दराने कर लागू केला. म्हणजे कालपर्यंत ज्याला धिंगाणा म्हटले जात होते, त्याला आज कला म्हटले जात आहे.

याचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मी इतिहास शिकवतो, आणि इतिहासाकडे मी गावकुसाबाहेरून पाहतो. त्या जागेवरून पाहताना मला या नाचाच्या रात्री ओळखीच्या वाटतात. त्या ज्यांनी जन्माला घातल्या ते शहराने हाकललेले, कायद्याने अडवलेले, रंगावरून दारातून परत पाठवलेले लोक होते. आपल्या मराठीत 'नाचणे' आणि 'नाचवणे' ही दोन क्रियापदे आहेत. एकात पाय आणि इच्छा एकाच माणसाची असते. दुसऱ्यात पाय एकाचे आणि इच्छा दुसऱ्याची असते. रात्रीच्या नाचाचा सगळा इतिहास या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात घडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रारंभ नाचवण्यापासून करावा लागतो. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना गुलामांच्या जहाजावर डेकवर आणून, चाबकाच्या धाकाने नाचवले जात असे. माल जिवंत आणि धडधाकट राहावा, बाजारात भाव यावा, हा त्यामागचा हिशेब. पायात बेड्या आणि वर नाचण्याचा हुकूम! परंतु हेच लोक जमिनीवर उतरून स्वतःच्या ढोलावर नाचू लागले, तेव्हा मालकाला धडकी भरली. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला आणि ढोल वाजवत कूच केले. १७४० साली तेथे जो कायदा झाला, त्याने गुलामांना ढोल, शिंगे व मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगण्यास मनाई केली. न्यू ऑर्लिन्समध्ये १८१७ च्या नियमाने गुलामांना नाचण्यासाठी रविवार दिला. पण ठरवून दिलेल्या जागी आणि सूर्यास्तापर्यंतच. दिवस मालकाच्या नजरेखाली असतो, रात्र नसते. म्हणून रात्रीच्या ढोलाची भीती ही केवळ झोपमोडीची भीती नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

गुलामगिरी कायद्याने संपली, तरी हे अंतर मिटले नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात 'कॉटन क्लब' प्रसिद्धीच्या शिखरावर होता. मंचावर नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या साऱ्या कलावंत मंडळी काळ्या होत्या. समोरचा प्रेक्षक मात्र केवळ गोरा. ड्यूक एलिंग्टनसारखा थोर संगीतकार १९२७ पासून तेथे वाजवत होता. पण त्याच्याच आळीतला काळा माणूस ते ऐकायला पैसे देऊनही आत शिरू शकत नव्हता. त्याच हार्लेममध्ये, त्याच काळात, आणखी एक रात्र चालू होती. घरभाडे थकलेली कुटुंबे आपल्या खोलीतले सामान बाजूला सारून, पियानोवाला बोलावून, दारात चार नाणी घेऊन शेजाऱ्यांना नाचायला बोलावत. जमलेल्या पैशातून भाडे भागत असे. एकीकडे कॉटन क्लब, दुसरीकडे भाड्याच्या खोलीतला नाच. एके ठिकाणी नाचवणे, दुसऱ्या ठिकाणी नाचणे. दोन्ही ठिकाणचे पाय एकाच वस्तीतले होते.

सत्तेला हा फरक नेमका कळतो. १९२६ साली न्यूयॉर्क शहराने कॅबरे कायदा केला आणि परवान्यावाचून सार्वजनिक ठिकाणी नाच होऊ देणे हा गुन्हा ठरवला. त्याचा बडगा हार्लेममधील जॅझच्या अड्ड्यांवर विशेष बसला. पुढे १९४० पासून १९६७ पर्यंत रात्रीच्या ठिकाणी काम करणाऱ्या कलावंताला पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत. बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक या दोघांची ओळखपत्रे काढून घेतली गेली आणि आपल्याच शहरातील क्लबांत कला सादर करण्याचा मार्ग त्यांना बंद झाला. परवाना नसलेल्या जागी तंतुवाद्ये आणि पियानो चालत. ढोल आणि फुंकून वाजवायची वाद्ये चालत नसत. हा भेद १९८० च्या दशकापर्यंत टिकला आणि मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. १७४० च्या मालकाने ढोलावर बंदी घातली होती. विसाव्या शतकातील महानगरानेही ढोलालाच वेगळे काढले.

मग ज्याला डीजे म्हणतात, तो कोठून आला? त्याचे एक मूळ जमैकात आहे. किंग्स्टन शहरात १९५० च्या सुमारास वाद्यवृंद वाजत ते हॉटेलांत आणि पैसेवाल्यांच्या क्लबांत. गरिबाला वाद्यवृंद परवडत नव्हता. तेव्हा काही हुशार माणसांनी कपाटाएवढे लाऊडस्पीकर बनवले, अमेरिकन तबकड्या मिळवल्या आणि उघड्या अंगणांत 'साउंड सिस्टीम' उभ्या केल्या. टॉम वाँग, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही त्यातली गाजलेली नावे. तेथे तबकडी निवडून लावणाऱ्याला 'सिलेक्टर' म्हणत आणि तालावर बोलणाऱ्याला 'डीजे'. जमैकाची माणसे १९४८ नंतर इंग्लंडात मजुरीला गेली, तेव्हा तेथील अनेक क्लबांनी त्यांना रंगावरून दारातून परत पाठवले. त्यांनी घरांच्या तळघरांत आपले स्पीकर लावले. ज्याला दार मिळाले नाही, त्याने स्वतःचे दार उभे केले.

याच जमैकात १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. पुढे जग त्याला कूल हर्क म्हणून ओळखू लागले. त्या वेळचे ब्रॉन्क्स कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. रॉबर्ट मोझेस या बड्या नगररचनाकाराने १९४८ पासून या वस्त्यांच्या छातीवरून एक मोठा हमरस्ता नेला. तो पुरा व्हायला १९७२ साल उजाडले. हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. उरले ते काळे आणि पोर्तोरिकन गरीब. १९७० च्या दशकात तेथे इमारतींमागून इमारती जळाल्या. ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरील मनोरंजन-खोलीत हर्कच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होणार होत्या, तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट. तबकड्या लावायला भाऊ.

हर्कने काय केले, ते तंत्र म्हणून साधे आहे, पण त्यातला विचार मोठा आहे. गाण्याच्या मधोमध एक जागा अशी येते, की गाणारा थांबतो, सुरावट थांबते आणि उरतो तो केवळ ढोल. याला 'ब्रेक' म्हणतात. नाचणारे याच जागेची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. ही जागा असते काही सेकंदांची. त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ढोल संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा ढोल त्याने मिनिटामिनिटांचा केला. ज्या ढोलावर १७४० साली बंदी आली, तो ढोल या पोराने तबकडीच्या पोटातून बाहेर काढला आणि लांबवला. पुढे ज्याला हिप-हॉप म्हटले गेले, त्याचा आरंभ म्हणून ही रात्र सांगितली जाते. या आरंभाची आयोजक एक मुलगी होती, आणि तिचे नाव मागे पडले, याचीही नोंद आपण घेतली पाहिजे. इतिहास गौण मानतो त्या कामांपैकी खोली ठरवणे, पत्रके काढणे, दारात पैसे मोजणे ही कामे आहेत. पण त्यांच्यावाचून रात्र उभी राहत नाही.

दुसरी खोली शिकागोची. १९७७ साली तेथे एका जुन्या औद्योगिक इमारतीत 'वेअरहाउस' हा क्लब सुरू झाला. ब्रॉन्क्समध्ये जन्मलेला फ्रँकी नकल्स तेथे डीजे होता. येणारे बहुसंख्य लोक काळे आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी पुरुष. म्हणजे रंगाने बाहेरचे आणि घरानेही बाहेर काढलेले. या 'वेअरहाउस'वरूनच 'हाउस' हे संगीताचे नाव पडले. याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी एका रेडिओ-निवेदकाच्या पुढाकाराने बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम झाला. एक तबकडी आणि अठ्ठ्याण्णव सेंट दिले की प्रवेश. सुमारे ५०,००० लोक जमले. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला आणि पुढचा सामना होऊच शकला नाही. मैदानावर नोकरीस असलेल्या एका काळ्या तरुणाने पुढे सांगितले, की आलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, पण काळ्या कलावंतांच्या, कितीतरी तबकड्या होत्या. त्या तरुणाचे नाव व्हिन्स लॉरेन्स, आणि काही वर्षांतच तो हाउस संगीताच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक झाला. तबकडी जाळणाऱ्यांना वाटते, आवाज संपला. आवाज दुसरी खोली शोधतो.

आता कलागृहाकडे परत वळू. ही सारी रात्र आज संग्रहालयाच्या दालनात मानाने आली आहे. याचा मला राग नाही. ज्याला मान नाकारला गेला त्याला मान मिळणे ही न्यायाचीच गोष्ट आहे. प्रश्न असा, की मान नेमका कोणाला मिळाला? १५२० सेजविक अव्हेन्यूला हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून २००७ साली न्यूयॉर्क राज्याने मान्यता दिली. त्याच सुमारास त्या इमारतीचे मालक ती स्वस्त भाड्याच्या योजनेतून बाहेर काढू पाहत होते. इमारतीला इतिहासाचा मान मिळत होता आणि भाडेकरूंच्या डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली होती. कूल हर्क स्वतः भाडेकरूंच्या बाजूने उभा राहिला. काही वर्षे लढा चालला आणि शहराच्या मदतीने ती घरे वाचली. याच हर्कला २०११ साली शस्त्रक्रियेसाठी विमा नव्हता. चाहत्यांना वर्गणी काढावी लागली. त्याच्या दोन तबकड्यांवर अब्जावधींचा धंदा उभा राहिला होता. अण्णाभाऊ साठे १९६९ साली मुंबईत कोणत्या हलाखीत गेले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बर्लिनमधील टेक्नो संस्कृती २०२४ साली जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. तो टेक्नो १९८० च्या दशकात डेट्रॉइटच्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन अशा काळ्या तरुणांनी घडवला होता. वारशाच्या यादीत गाव लागते, पण ज्याच्या घामाचा तो वारसा, त्याचे गाव लागतेच असे नाही.

आपल्याकडचा इतिहास या कसोटीवर घासून पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम त्याला लागूनच. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या दुःखातील साम्य नोंदवले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा ही तुलना मी ओढूनताणून करीत नाही. आपल्या आधीच्यांनी ती केलेली आहे.

आपला ढोल म्हणजे हलगी, डफडे, संबळ. गावगाड्यात वाजवणे हे वतनाचे, जातीचे काम होते. लग्नाला, देवाला, दवंडीला मांगाची हलगी हवी. तिच्यावाचून शुभकार्य अडते. मात्र ती वाजवणारा हात विटाळाचा! आवाज मांडवात, माणूस मांडवाबाहेर. तमाशातही तेच. फडात पाय महार, मांग, कोल्हाटी स्त्रियांचे. समोर बसून दौलतजादा करणारे दुसरेच. पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडातील पवळा महार समाजातली. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून आलेला पैसा माणुसकीच्या लढ्याला चालणार नाही, ही त्यामागची भूमिका. त्यांचा रोख नाचवण्यावर होता. पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव गेले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण बाजूला ठेवले, आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान, पाण्याचा हक्क आणला. तोच ढोल, पण आता स्वतःसाठी.

जलशाच्या या मोठेपणाबरोबर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नाचवणे नाकारताना आपण कित्येकदा नाचणाऱ्या स्त्रीलाच नाकारले. जलशाच्या मंचावरून ती बहुतांशी गेली. स्त्रीपार्टही पुरुषांनी केले. इज्जतीच्या लढ्यात ते अपरिहार्य वाटले असेल, पण तिला मुक्त नाचाचा मंच कोणी दिला? २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी आणली, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. त्या कायद्याने साध्या बारमधील नाच बंद केला, आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना, मर्यादित सभासदांच्या क्लबांना, नाट्यगृहांना सूट दिली. म्हणजे नाच तोच. गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि तारांकित हॉटेलात सुसंस्कृत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा भेद घटनाबाह्य ठरवला. बंदीने नाचवणे थांबले नाही. थांबली ती नाचणारीची रोजी. त्यांत पिढीजात नाचगाण्याच्या धंद्यात ढकललेल्या जातींतल्या बायकाही होत्या. नाचवणारा मालक आणि पैसे उधळणारा गिऱ्हाईक यांच्यापैकी कोणाचे घर उपाशी राहिले?

आणि आता आपल्या दारातला डीजे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर नाचणाऱ्या पोरांवरून आपल्यात दरवर्षी वाद होतो. पुस्तक वाचा, नाचता काय, असे आपलेच प्रतिष्ठित लोक म्हणतात. वस्तीतल्या म्हाताऱ्याच्या छातीत त्या दणक्याने धडकी भरते, परीक्षेचे पोर कान दाबून बसते, हे खरेच आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु नियम कसा आहे, तेही पाहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर एरवी लावता येत नाही. कायमची सूट आहे ती बंदिस्त जागांना, म्हणजे सभागृहे, मेजवानीची दालने वगैरेंना. ज्याला भिंती आहेत, त्याला रात्र आहे. वस्तीला भिंती कोठे आहेत? तिच्याकडे आहे तो रस्ता. पोरगा रस्त्यावर नाचतो, कारण नाचता येईल अशी खोली त्याला शहराने दिलेली नाही. शहरातील कलागृहात रात्री बारा वाजता तोच ताल चालतो, त्याला संस्कृती म्हणतात; रस्त्यावर तो गुन्हा होतो. फरक आवाजात थोडा, जागेच्या मालकीत फार.

म्हणून मला पोरांना रागवावेसे वाटत नाही. त्यांना काही विचारावेसे वाटते. हा डीजे कोणाच्या पैशाचा? वर्गणी तुमची की निवडणुकीला उभ्या असलेल्या कोणा पुढाऱ्याची? पैसा पुढाऱ्याचा असेल, तर तुम्ही नाचत नाही, तो तुम्हाला नाचवतो आहे. तबकडी कोणाची, तुमच्या वस्तीत शब्द लिहिणारा पोरगा आहे, त्याचा आवाज त्या स्पीकरमधून निघतो काय? आणि तुमची बहीण त्या रात्री नाचायला निर्धास्त येऊ शकते काय? कलागृहांनाही मी हेच विचारीन. दारावर कोण उभा आहे, नाव आणि पैसा कोणाकडे जातो, आणि ज्या वस्तीतून हा ताल आला तिथला माणूस तिकीट न परवडल्याने बाहेर तर उभा नाही ना? याची उत्तरे जेथे नीट मिळतील, तेथे कलागृहातील रात्र हा हक्काचा विजय आहे. जेथे मिळणार नाहीत, तेथे नव्या रंगरंगोटीचा कॉटन क्लब आहे.

आपल्या वस्त्यावस्त्यांत समाजमंदिरे आहेत. सरकारी निधीतून बांधलेली, चार भिंतींची, आणि पुष्कळदा कुलूप लावलेली. किल्ली असते सरपंचाकडे, नगरसेवकाकडे नाहीतर त्याच्या माणसाकडे. सेजविक अव्हेन्यूची ती खोली आपल्या समाजमंदिरापेक्षा फार मोठी नव्हती. तिला एक मुलगी मिळाली, एक भाऊ मिळाला आणि दाराची किल्ली एका रात्रीसाठी त्यांच्या हाती आली. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आधी ही किल्ली मागावी. दिवसा तेथे अभ्यासिका चालावी. शनिवारी रात्री, दारे-खिडक्या लावून, म्हाताऱ्यांची झोप सांभाळून, तेथे वस्तीचा स्वतःचा आवाज वाजावा. हलगी वाजवणाऱ्याच्या नातवाने तबकडी लावावी, आणि दारातले पैसे वस्तीच्या मुलीने मोजावेत व त्यांचे काय करायचे तेही तिनेच ठरवावे.